एकाच आवारातली दोन खाती

पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं द्रावण ब्युरेटमध्ये भरलेलं. खाली कोनिकल फ्लास्कमध्ये मोहर्स सॉल्ट. थेंब पडतो, रंग क्षणभर दिसतो आणि विरून जातो. मग एक थेंब असा पडतो की फिकट गुलाबी छटा येते आणि फ्लास्क कितीही हलवला तरी जात नाही. नळ बंद करायचा, रीडिंग लिहायचं, सरांची सही घ्यायची. हे टायट्रेशन बारावी सायन्सच्या मुलांच्या हाताखालून जातंच. पुढच्या वर्षी तीच मुलं बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आली, की याच घराण्यातली टायट्रेशन्स पुन्हा समोर येतात. प्रयोगशाळा बहुधा शेजारचीच असते. रीडिंग तेच येतं, सही मात्र दुसऱ्या रजिस्टरवर होते. पहिल्या वेळची मेहनत राज्य शिक्षण मंडळाच्या खात्यात जमा झालेली असते आणि दुसऱ्या वेळची विद्यापीठाच्या.

छत्रपती संभाजीनगरात हे फार ठळकपणे दिसतं, कारण इथली अकरावी-बारावी मोठ्या प्रमाणात कॉलेजांच्याच आवारात भरते. देवगिरी असो, स. भु. असो, विवेकानंद असो की मौलाना आझाद, प्रत्येक ठिकाणी ‘ज्युनिअर’ आणि ‘सिनिअर’ एकाच फाटकातून आत जातात. दहावी झालेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा घरी सांगतो, “कॉलेजला चाललो.” ते खरंही असतं. पण त्या दोन वर्षांत त्याच्या नावावर कॉलेजचं एकही क्रेडिट चढत नाही.

अमेरिकेत मात्र शाळेत असतानाच कॉलेजचे विषय घेऊन क्रेडिट मिळवणारी मुलं लाखांनी मोजतात. आपल्याकडे ते का होत नाही, कधी होत होतं का, आणि आज कुठल्या वाटेनं शक्य आहे, हे जरा नीट पाहू.

इंटरमिजिएटचे दिवस

बारावीचं वर्ष कायमच शाळेच्या मालकीचं होतं असं नाही. १९२३ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उस्मानिया इंटरमिजिएट कॉलेज सुरू झालं. किलेअर्कचं आजचं शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय ते हेच. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी ते जोडलेलं होतं आणि शिकवण्याची भाषा उर्दू होती. ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणून ओळखले जाणारे मौलवी अब्दुल हक इथे प्राचार्य होते. मॅट्रिकनंतरची दोन वर्षं म्हणजे इंटरमिजिएट, आणि ते विद्यापीठाचं शिक्षण मानलं जाई. आज अकरावीत बसणाऱ्या मुलाच्या वयाचा मुलगा त्या काळी विद्यापीठाचा विद्यार्थी असे.

१९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथे कॉलेज काढलं. नागसेनवनातलं मिलिंद महाविद्यालय ते हेच. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. त्या पिढीच्या तोंडी ‘पी.यू.सी.’ हा शब्द अजून आहे. प्री-युनिव्हर्सिटी म्हणजे पदवीच्या उंबरठ्यावरचं वर्ष, आणि तेही विद्यापीठाच्याच ताब्यात. आजोबा-आजी “मी पी.यू.सी.ला मिलिंदला होते” म्हणतात, तेव्हा त्या वयाच्या नातवंडांना आजच्या व्यवस्थेत जे मिळत नाही, ते त्यांना सहज मिळालेलं असतं.

हा भाग विद्यापीठाकडून काढला गेला तो कोठारी आयोगामुळे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक. पदवीपूर्व वर्षं विद्यापीठांनी सोडावीत आणि ती शालेय शिक्षणात घ्यावीत, अशी आयोगाची शिफारस होती. त्यातून १०+२+३ हा आकृतिबंध आला. महाराष्ट्रात १९७५ साली नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली. त्याच वर्षी जुन्या अकरावी मॅट्रिकची मुलंही परीक्षेला बसली होती, म्हणून ती दुहेरी बॅच घराघरांत लक्षात राहिली.

कागदावर ‘+२’ शाळेकडे गेली. पण वर्गखोल्या, प्रयोगशाळा आणि शिकवणारी माणसं कॉलेजांकडे होती. महाराष्ट्रानं मधला मार्ग काढला आणि कॉलेजातच ‘कनिष्ठ महाविद्यालय’ बसवलं. इमारत विद्यापीठाशी संलग्न कॉलेजची राहिली, परीक्षा मंडळाची झाली. हिशेबाची दोन खाती तेव्हापासून वेगळी झाली.

या दोन खात्यांच्या सीमासुद्धा जुळत नाहीत. मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर विभागात पाच जिल्हे येतात: छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि हिंगोली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव. परभणी-हिंगोलीची मुलं बारावीला या शहराच्या विभागात असतात, पण पदवीला नांदेडच्या विद्यापीठात जातात. धाराशिवचं उलटं आहे. मंडळ आणि विद्यापीठ यांनी मिळून काही करायचं म्हटलं, तर कोणी कोणाशी बोलायचं इथपासून प्रश्न सुरू होतो.

तिकडे कसं चालतं

अमेरिकेत यासाठी दोन मुख्य वाटा आहेत. पहिली ‘अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’, म्हणजे एपी. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून ती चालू आहे. मूल आपल्या शाळेतच कॉलेजच्या पातळीचा विषय शिकतं आणि मे महिन्यात एक बाहेरची परीक्षा देतं. निकाल १ ते ५ अशा श्रेणीत लागतो. ३ किंवा त्याहून जास्त मिळाले, तर अनेक कॉलेजं त्या विषयाचं क्रेडिट देतात. काही ४ मागतात, काही ५, आणि काही नामांकित विद्यापीठं अनेक विषयांना काहीच देत नाहीत.

दुसरी वाट ‘ड्युअल एन्रोलमेंट’ची. यात मूल खरोखरच कॉलेजच्या विषयाला नाव नोंदवतं. कॉलेजच्या अभ्यासक्रमानं शिकतं, कॉलेजच्या परीक्षा देतं आणि त्याची श्रेणी कॉलेजच्या गुणपत्रकावर कायमची लिहिली जाते. तोच विषय शाळेच्या पदविकेसाठीही धरला जातो, म्हणजे एका अभ्यासाची नोंद दोन्ही खात्यांत होते. मिनेसोटा राज्यानं १९८५ मध्ये यासाठी राज्यव्यापी कायदा केला. वॉशिंग्टन राज्यातल्या ‘रनिंग स्टार्ट’ योजनेत अकरावी-बारावीची मुलं जवळच्या कम्युनिटी कॉलेजात शिकवणी शुल्क न भरता विषय घेतात. सिएटलजवळच्या रेडमंड-बेलव्ह्यू भागात राहणाऱ्या मराठी घरांत मूल दहावीला आलं, की एपी घ्यायचं की रनिंग स्टार्ट, यावर तशीच चर्चा रंगते, जशी इकडे ‘ए ग्रुप की बी ग्रुप’ यावर. २०२२-२३ या एका वर्षात अमेरिकेत सुमारे २५ लाख शाळकरी मुलांनी किमान एक तरी कॉलेजचा विषय घेतला होता.

याचं मुख्य कारण पैसा आहे. तिथे पदवीचं एकेक वर्ष महाग. शाळेत असताना एका वर्षाचे विषय उरकले, तर त्या वर्षाची फी वाचते. आपल्याकडे अनुदानित कॉलेजात बी.एस्सी. किंवा बी.ए.ची फी त्या मानानं किरकोळ. पालकांच्या खिशाला कळ लागते ती कोचिंग क्लासच्या फीनं. म्हणून कॉलेजचं क्रेडिट लवकर मिळावं अशी मागणी इथल्या पालकांकडून कधी जोरात आली नाही.

क्रेडिट म्हणजे काय

मराठीत त्याला ‘श्रेयांक’ म्हणतात, पण कॉलेजात सगळे क्रेडिटच म्हणतात. क्रेडिट हे गुणांचं माप नाही, अभ्यासाला दिलेल्या वेळेचं माप आहे. परीक्षेत ४५ मिळोत की ९५, पास झालात तर क्रेडिट तितकंच. किती चांगलं केलं हे श्रेणीतून कळतं, किती केलं हे क्रेडिटमधून.

एप्रिल २०२३ मध्ये ‘राष्ट्रीय क्रेडिट आराखडा’ आला. त्यात वर्षाचे १२०० शिक्षण-तास म्हणजे ४० क्रेडिट धरले आहेत, म्हणजे एक क्रेडिट ३० तासांचं. वर्गातला वेळ, प्रयोग, प्रकल्प, स्वतःचा अभ्यास हे सगळं त्या तासांत येतं. या आराखड्यानं शाळेलाही याच शिडीवर आणलं, हे त्यातलं नवं. दहावी म्हणजे पातळी ३, बारावी म्हणजे ४, पदवीचं पहिलं वर्ष (एफवाय) ४.५, आणि पीएच.डी. ८. बारावी आणि एफवाय यांच्यात अर्ध्या पायरीचं अंतर आहे, हे पहिल्यांदा अधिकृतपणे लिहिलं गेलं. सीबीएसईनं २०२४-२५ साठी सहावी, नववी आणि अकरावीत याचा प्रायोगिक वापर करायला शाळांना बोलावलं.

मिळवलेली क्रेडिट ठेवायची जागा म्हणजे ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’, २०२१ च्या जुलैत सुरू झालेली. ही पैशांची बँक नाही, पासबुकाची बँक आहे. विद्यार्थ्याला थेट काही जमा करता येत नाही, मान्यताप्राप्त संस्थेनं पाठवलेलंच क्रेडिट खात्यात दिसतं. ते साधारण सात वर्षांपर्यंत वापरता येतं. शाळकरी मुलांसाठी त्याच्याशी जोडलेला ‘अपार’ हा बारा आकडी क्रमांक आहे, आणि मूल अज्ञान असेल तर त्यासाठी पालकांची संमती लागते.

थोडक्यात, पासबुक शाळेतच हातात येतं, शिडीही एकच आहे. पण विद्यापीठाच्या दारात नोंदणी होते ती बारावीची गुणपत्रिका दाखवून. बारावीत शिकणाऱ्या मुलाची एफवायच्या एका विषयाला नोंदणी करून घेणारी सर्वसाधारण सोय आपल्या विद्यापीठांत नाही. त्यामुळे अकरावीतल्या मुलाच्या पासबुकात कॉलेजनं भरायची पानं कोरीच राहतात.

खरं तर बाहेरच्या संस्थेची परीक्षा आपल्या गुणपत्रिकेत धरणं मराठी घरांना अजिबात नवीन नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीत वाढीव गुण मिळतात. शास्त्रीय गायन-वादन-नृत्याच्या परीक्षांचं तसंच, खेळांचं तसंच. परीक्षा एकाची आणि फळ दुसऱ्याच्या कागदावर, हे तत्त्व मंडळानं कधीच मान्य केलं आहे. फक्त ते कॉलेजच्या विषयांपर्यंत पोचलेलं नाही.

उस्मानपुऱ्याचं दार

तरीही या शहरात एक दार फार पूर्वीपासून उघडं आहे, आणि ते उस्मानपुऱ्यात आहे. शासकीय तंत्रनिकेतन आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय दोन्ही याच भागात. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करायचा आणि मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं. ज्याला सगळे ‘डायरेक्ट सेकंड इयर’ म्हणतात, ती मराठी मुलांची खरीखुरी ‘ड्युअल क्रेडिट’ पद्धत आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी मूल तंत्र शिक्षण मंडळाचे विषय घेऊ लागतं. त्यात बारावीच्या वयाचं भौतिक, रसायन, गणित असतं आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंग, वर्कशॉप, यंत्रांचे विषयही. पदवीला गेल्यावर त्या तीन वर्षांपोटी बारावीची अट सुटते आणि पदवीचं पहिलं वर्षही माफ होतं.

हिशेब केला तर गंमत दिसते. दहावी, मग दोन वर्षं बारावी, मग चार वर्षं पदवी: एकूण १६. दहावी, मग तीन वर्षं डिप्लोमा, मग तीन वर्षं पदवी: तेही १६. वर्ष एकही वाचत नाही. पण दुसऱ्या वाटेवर मधे एक पूर्ण पात्रता हातात येते. घरची अडचण आली तर डिप्लोम्यावर नोकरी धरता येते आणि जमेल तेव्हा पदवीकडे परतता येतं. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, मागोमाग सुट्या भागांचे कारखाने आले, आता शेंद्रा-बिडकीनला ‘ऑरिक’ ही औद्योगिक नगरी आहे. अशा शहरात ही गोष्ट छोटी नाही.

या वाटेवरचा खड्डा मात्र सगळ्यांना माहीत असतो. पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित या मुलांनी त्या खोलीनं केलेलं नसतं आणि दुसऱ्या वर्षाला एम-थ्री समोर उभं ठाकतं. वर्कशॉपमध्ये सरस असलेली मुलं पहिल्या सहामाहीत गणितात अडकतात. क्रेडिट माफ झालं म्हणून ज्ञान आपोआप भरून निघत नाही. अमेरिकेतल्या ड्युअल एन्रोलमेंटबद्दलही नेमकी हीच शंका घेतली जाते: शाळेत घेतलेला ‘कॉलेजचा’ विषय खरंच त्या खोलीचा होता का?

आज काय करता येईल

अकरावी-बारावीतल्या मुलाला पदवीची चव घ्यायची असेल, तर काही ठोस गोष्टी आजच उपलब्ध आहेत. त्यातून क्रेडिट मिळतं का, हे प्रत्येकीबद्दल वेगळं पाहावं लागतं.

आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बी.एस. अभ्यासक्रम २०२० पासून आहे. अकरावीची वार्षिक परीक्षा दिलेलं मूल त्याला अर्ज करू शकतं. चार आठवडे गणित, सांख्यिकी, इंग्रजी आणि संगणकीय विचार या विषयांचे व्हिडिओ आणि गृहपाठ करायचे, मग केंद्रावर जाऊन पात्रता परीक्षा द्यायची. त्यासाठी जेईईची गरज नाही. पास झालं तरी प्रत्यक्ष प्रवेश बारावी उत्तीर्ण झाल्यावरच मिळतो, म्हणजे जागा आधी पक्की होते आणि क्रेडिट नंतर सुरू होतं. हे अमेरिकेसारखं पूर्ण नाही, पण पदवीच्या पहिल्या महिन्यांत काय वाढून ठेवलं आहे, हे मुलाला सतराव्या वर्षी कळतं.

‘स्वयम्’ हे सरकारी व्यासपीठ २०१७ पासून आहे आणि त्यावर नववीपासून पुढचं कुणीही शिकू शकतं. एनपीटीईएलचे बारा आठवड्यांचे विषय साधारण तीन क्रेडिटचे मानले जातात. शिकणं मोफत आहे, परीक्षेला शुल्क आहे. पण क्रेडिट हस्तांतर करायचं तर विद्यार्थी त्या वेळी एखाद्या उच्च शिक्षण संस्थेत असायला हवा. बारावीतल्या मुलाला प्रमाणपत्र मिळेल, एफवायला गेल्यावर कॉलेज ते आपोआप धरेलच असं नाही.

नियमांच्या बाहेर जाऊन शिकणाऱ्यांचीही एक जात असते. २०१६ साली मुंबईतल्या १७ वर्षांच्या एका मुलीला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. तिनं सातवीच्या सुमारास शाळा सोडली होती, घरीच शिकली होती, आणि आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवली होती. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटनं तिला एम.एस्सी.च्या पातळीचं शिकवलं. आयआयटीत मात्र तिला जाता येत नव्हतं, कारण बारावीची गुणपत्रिका नव्हती. हे अपवादाचं उदाहरण आहे आणि त्यावरून घरोघरी शाळा सोडायचा विचार करू नये. पण आपली व्यवस्था ज्ञान मोजते की कागद, हे त्यातून दिसलं.

मधली भिंत

वेळेचं काय, हा प्रश्न कुणीही विचारेल. अकरावी-बारावीचं मूल सकाळी क्लास, दुपारी क्लास, रात्री टेस्ट सिरीज यात बुडालेलं असतं. काही ठिकाणी तर ज्युनिअर कॉलेज फक्त हजेरीपटावर उरलं आहे. जेईई-नीटच्या मागे लागलेल्या मुलानं एफवायचा विषय घेऊ नये हेच बरं, कारण त्या रँकमध्ये या क्रेडिटला शून्य किंमत आहे. पण सगळी मुलं त्या रांगेत नसतात. कॉमर्सचा मुलगा, आर्ट्समध्ये मानसशास्त्र घेतलेली मुलगी, बी.एस्सी. कॉम्प्युटर करायचं हे पक्कं ठरवलेला विद्यार्थी, यांच्याकडे वेळ असतो आणि सिनिअरचा वर्ग फक्त एक जिना चढून असतो.

त्यांच्यासाठी फार मोठ्या क्रांतीची गरज नाही. एखादा प्रास्ताविक विषय घ्यावा, समजा प्रोग्रॅमिंग किंवा हिशेबशास्त्र. बारावीतल्या इच्छुक मुलांना त्याच कॉलेजच्या सिनिअर वर्गात त्या एका विषयापुरतं बसू द्यावं. परीक्षा विद्यापीठाची असावी. पास झाल्यास ती दोन-चार क्रेडिट पासबुकात ठेवावीत. मूल एफवायला आलं, की तो विषय सुटावा आणि त्या जागी पुढचा घेता यावा. विद्यापीठ अनुदान आयोगानं ठराविक विद्यार्थ्यांना तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत पूर्ण करण्याची मुभा मान्य केली आहे. हाती चार-आठ क्रेडिट घेऊन आलेल्या मुलाला त्याचा खरा उपयोग होईल. इमारत आहे, शिक्षक आहेत, पासबुक आहे. नाही ते फक्त विद्यापीठाच्या विद्या परिषदेचा एक ठराव आणि मंडळाचं एक पत्र.

यात एक सावधगिरी हवी. कॉलेजच्या गुणपत्रकावरची श्रेणी पुसता येत नाही. सोळाव्या वर्षी हौसेनं घेतलेल्या विषयात नापास झालं, तर ती नोंद पदवीपर्यंत सोबत यायला नको. म्हणून पास झाल्यासच क्रेडिट जमा व्हावं आणि नापास झाल्यास काहीच लिहिलं जाऊ नये, अशी सोय पहिल्या दिवसापासून हवी.

आणि पालकांसाठी एक सूचना. ‘शाळेतच कॉलेज क्रेडिट मिळवा’ अशी जाहिरात करणारे ऑनलाइन कोर्स आता मुलांच्या मोबाइलवर येऊ लागले आहेत. फी भरण्याआधी दोनच प्रश्न विचारा: हे क्रेडिट कुठल्या मान्यताप्राप्त संस्थेच्या नावानं जमा होणार, आणि माझ्या मुलाला जिथे प्रवेश घ्यायचा आहे ते कॉलेज ते धरणार का? दोन्ही उत्तरं लेखी मिळाली तर पुढे जा. नाही मिळाली, तर तो कोर्स आवड म्हणून करा, क्रेडिट म्हणून नको.